एका ब्रासमागचे पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

खाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रपूरचा कोळसा येतो, नाहीतर गोव्याचे लोहखनिज येते. आमच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत कोळसा नाही, लोखंड नाही, तेल तर नाहीच. तरी खाण आहे. आजवर ती नदीच्या पात्रात होती, आता हळूहळू डोंगराच्या कडेला सरकू लागली आहे. सरकारी भाषेत ज्यांना ‘गौण खनिज’ म्हणतात त्या वाळूची आणि दगडाची ही खाण. गौण म्हणजे दुय्यम. या दुय्यम वस्तूने आमच्या विहिरींचे काय केले, आणि तिच्या जागी आता जे येते आहे ते काय करू शकते, याविषयी मला आज बोलायचे आहे.

मी पाबळचा. शाळेत विज्ञान शिकवण्यात नोकरी गेली. पाबळचे नाव काढले की कुणाला मस्तानीची समाधी आठवते, कुणाला विज्ञान आश्रम. तिथे राहणाऱ्याला मात्र आधी पाणी आठवते. पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही मनात आले तर. खाली काळा पाषाण. अशा गावात मुलांना विज्ञान शिकवायचे तर पाण्यापासून सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नसते.

वर्गात मी एक प्रयोग करीत असे. घरी कुणालाही करता येईल. दहा लिटरची एक बादली घ्यायची, तळाशी छोटे भोक पाडून त्याला बूच लावायचे. बादली कोरड्या वाळूने काठोकाठ भरायची. मग मापाने पाणी ओतत जायचे. भरलेल्या बादलीत आणखी तीन-साडेतीन लिटर पाणी मावते. मुलांचा यावर विश्वास बसत नसे. आता बूच काढायचे. ओतलेले सगळे पाणी परत येत नाही, काही वाळूच्या कणांना चिकटून राहते. पण दोन लिटर किंवा त्याहून थोडे अधिक सहज मिळते. म्हणजे वाळूच्या एकूण आकारमानाच्या पाचवा हिस्सा तरी पाणी आपल्याला परत मिळते. आमच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बसाल्टचे, हेच प्रमाण शंभरात एक ते तीन इतकेच भरते. फोडलेला दगड नव्हे, जमिनीत आहे तसा, फटी-भेगांसकट धरलेला. 

आता हाच हिशेब नदीत नेऊ. वाळू ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मेट्रिक मापात २.८३ घनमीटर. त्याचा पाचवा हिस्सा धरला तर एका ब्रास वाळूत सुमारे साडेपाचशे लिटर उपसता येण्याजोगे पाणी राहते. चार ब्रासचा एक टिपर नदीतून वर आला की सव्वादोन हजार लिटर पाण्याची टाकी नदीतून कायमची उचलली गेली. आणि ही टाकी दर पावसाळ्यात फुकट भरली जाणारी होती. एक हेक्टर पात्रातली तीन मीटर वाळू काढली तर साठ लाख लिटरची जागा जाते. दहा हजार लिटरचे सहाशे टँकर. उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू झाला की हा आकडा मला हमखास आठवतो.

साठवण गेली, एवढ्यावर हे थांबत नाही. पात्र दोन-तीन पुरुष खोल गेले की नदी काठच्या जमिनीसाठी चराचे काम करू लागते. शेतात चर खणला की शेताचे पाणी त्यात उतरते, तसे काठच्या विहिरींचे पाणी पात्राच्या दिशेने ओघळते. नदीत पाणी दिसते, विहीर मात्र तळाला जाते. लोक म्हणतात, नदी वाहते आहे मग विहीर का आटली? नदी विहिरीचेच पाणी घेऊन वाहत असते, हे त्याचे उत्तर.

‘मास्तर, वाळू काय, पुन्हा येतेच की पुरात,’ असे मला एका टिपरवाल्याने ऐकवले होते. माणूस वाईट नव्हता, माझ्याच एका विद्यार्थ्याचा थोरला भाऊ. त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे, म्हणून ते नीट तपासायला हवे. बसाल्ट झिजला की त्याची मुख्यतः माती होते, काळी आणि चिकण. गंगेच्या किंवा गोदावरीच्या खालच्या खोऱ्यात येते तशी गारेची पांढरी वाळू आमच्या दगडातून फारशी निघत नाही. त्यामुळे भीमा, घोड, कुकडी या नद्यांकाठी जी वाळू आहे ती फार सावकाश साठलेली आहे. किती सावकाश, याचा पुरावा जवळच आहे. जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडीच्या काठी, वाळू-मातीच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा एक पांढरट पट्टा सापडला आहे. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. टोबाचा तो मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. काहींच्या मते राख त्याहूनही जुनी आहे. काहीही धरले तरी आपण आठवड्याला जी वाळू उपसतो तिचा हिशेब हजारो वर्षांत आहे.

शिवाय वरच्या अंगाला आता धरणे आहेत. भीमेवर चासकमान, घोडवर डिंभे, कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव. धरण पाणी सोडते, वाळू सोडत नाही. पुरातून यायची ती धरणाच्या मागेच बसते. ‘पुन्हा येते’ हे वाक्य त्याच्या आजोबांच्या काळात ठीक होते.

इथे गोव्याशी तुलना केली तर एक गोष्ट ध्यानात येते. तिथे एक टन लोहखनिज काढायला अडीच ते तीन टन माती आणि दगड बाजूला टाकावा लागतो. त्याचे डोंगर डिचोली, सांगे या भागांत उभे राहिले. पावसात ते वाहून भातशेतीत आणि नदीत गेले. खाणी भूजलाच्या पातळीखाली उतरल्या, तेव्हा खड्ड्यातले पाणी पंपाने बाहेर टाकले गेले आणि आजूबाजूच्या विहिरी आटल्या. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तिथले खाणकाम थांबवले आणि २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. तिथला कचरा डोळ्यांना दिसतो, त्याचा फोटो काढता येतो. वाळूच्या खाणीत कचरा उरतच नाही, काढले ते सगळे विकले जाते. उरतो तो फक्त खड्डा, आणि पहिल्या पावसात तो पाण्याने झाकला जातो. म्हणूनच, मला वाटते, वाळूच्या बाबतीत आपण इतकी वर्षे निवांत राहिलो.

कायदे नाहीत असे कुणी समजू नये. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पाच हेक्टरांहून लहान जागेतली वाळू काढायलाही पर्यावरणाची मंजुरी हवी. पुढच्या वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने मंजुरीविना उपसा देशभर थांबवला. केंद्राच्या २०१६ आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खोलीची मर्यादा तीन मीटरची आहे, काठ आणि पूल यांपासून अंतर सोडायचे आहे. आपल्या राज्यात १० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद असतो. बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपट दंड आहे. २०१५ पासून वाळूतस्करांना स्थानबद्ध करण्याची तरतूदही झाली. दौंड आणि शिरूरकडे महसूल खात्याची पथके भीमेत उतरून उपशाच्या यांत्रिक बोटी जिलेटिन लावून उडवतात, त्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. बोट उडते, काही दिवसांनी दुसरी येते. घरबांधणीला वाळू लागते तोवर ती येत राहणार, हे तहसीलदारांनाही ठाऊक असते. वाळूचे धोरणही एका जागी थांबत नाही. २०२३ मध्ये सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचे ठरले, २०२५ मध्ये ते सोडून पुन्हा लिलाव आले.

त्याच २०२५ मध्ये राज्याने कृत्रिम वाळूचे, म्हणजे एम-सँडचे धोरण आणले. दगड भरडून केलेली वाळू. तिला स्वामित्वधनात सवलत मिळाली आणि सरकारी बांधकामांत ती वापरण्यावर भर आला. आमच्याकडे तिला सरळ ‘क्रश सँड’ म्हणतात. पुणे भागात ती काही नवी नाही. वाघोली, मोशी इथल्या खाणींची खडी आणि क्रश सँड शहरात कितीतरी वर्षे वापरली जाते आहे.

माझा पुतण्या घर बांधत होता. त्याने विचारले, ‘काका, क्रश सँडमध्ये घर टिकेल ना?’ टिकेल, चांगली असेल तर. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या प्रमाणात, आयएस ३८३ मध्ये, ती मान्य आहे. अट एवढीच की कण शक्यतो घनाकार हवेत आणि ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक पिठी शंभरात पंधरापेक्षा जास्त नको. जबड्याच्या साध्या क्रशरमधून निघालेला बारीक चुरा चपटा आणि टोकदार असतो. खरी क्रश सँड करायला दगडावर दगड आपटणारे वेगळे यंत्र लागते, व्हीएसआय म्हणतात त्याला. पुष्कळ ठिकाणी क्रशरखालची डस्टच ‘क्रश सँड’ म्हणून विकली जाते आणि मग प्लास्टरला तडे गेले की बदनामी होते दगडाची.

म्हणून मी क्रश सँडच्या बाजूचा आहे. नदी वाचवायची तर दुसरा मार्ग मला दिसत नाही. पण खड्डा नदीतून उचलून डोंगरात ठेवला एवढ्याने काम संपले असे मी म्हणणार नाही. नदीच्या वाळूत कचरा नव्हता. इथे आहे.

पहिला कचरा ती बारीक पिठी. शंभर किलो दगड भरडला की साधारण दहा-पंधरा किलो निघते, कधी अधिक. ती दोन प्रकारे वेगळी करतात, पाण्याने धुऊन किंवा हवेच्या झोताने. धुणे स्वस्त आणि सोपे. धुतलेले गढूळ पाणी मात्र कुठेतरी जाते, आणि ‘कुठेतरी’ म्हणजे बहुधा शेजारचा ओढा. हा गाळ ओढ्याच्या तळावर साय धरल्यासारखा बसतो. मुरमातल्या, खडकातल्या ज्या बारीक फटींतून पाणी जमिनीत मुरायचे त्या बुजतात. म्हणजे जी वाळू नदीचे पाणी वाचवायला आणली, तिचाच गाळ ओढ्याचे मुरणे बंद करतो. पाचशे मिलिमीटर पावसाच्या गावाला हे परवडणारे नाही. उपाय अवघड नाही. एकाखाली एक असे तीन हौद, पहिल्यात जाड गाळ बसेल, दुसऱ्यात बारीक, तिसऱ्यातले निवळ पाणी पंपाने पुन्हा धुण्याला. कोरड्या तालुक्यांत खरे तर हवेने पिठी वेगळी करणारे यंत्रच हवे. ते महाग पडते, हे खरे.

गोळा झालेल्या पिठीचे करायचे काय? पेव्हर ब्लॉक, सिमेंटच्या विटा, रस्त्याखालचा थर, यांत ती जिरते. हल्ली बसाल्टची पूड शेतात टाका, हवेतला कार्बन शोषला जातो आणि पिकाला कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळते, असेही सांगतात. इतरत्र, आम्लधर्मी जमिनींत, त्याचा उपयोग होत असेल. आपली काळी माती मुळात बसाल्टचीच लेक. तिला आणखी बसाल्ट देऊन फार काही साधेल असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट धूळ. क्रशरच्या आसपासची पिके पांढरी दिसतात, ते बघून कुणालाही कळते. पट्टे झाकणे, पाण्याचे फवारे, कडेने झाडांच्या रांगा, यांनी ती बरीच आटोक्यात येते. सर्वांत जास्त धूळ जाते ती तिथे राबणाऱ्यांच्या छातीत. खाणीवरची कुटुंबे बहुतेक बाहेरगावची, झोपडी खाणीलाच लागून. कामगार रात्रीसुद्धा त्याच हवेत असतो.

आणि तिसरा खड्डा. काळ्या दगडाची खाण सोडली की तिच्यात पाणी साठते. लोक म्हणतात, बरे झाले, तळे मिळाले. ती टाकी आहे, पाझर तलाव नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तळ अखंड पाषाणाचा असल्याने पाणी मुरत नाही, उन्हाने उडून जाते. जनावरांना, झाडांना वापरावे. कडा मात्र उभ्या सरळ सोडू नयेत, पायऱ्या काढाव्यात आणि कुंपण करावे. खाणीत पोहायला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. सर्वांत घातक म्हणजे या खड्ड्यांत कचरा टाकणे. पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाचीला जुन्या दगडखाणींच्या जागेत पडत राहिला. तिथल्या आणि फुरसुंगीच्या लोकांना आपल्या विहिरींचे पाणी पिणे सोडावे लागले. बसाल्टच्या भेगांतून घाण किती लांब जाईल हे वरून दिसत नाही.

खाण सुरू करताना वरची माती वेगळी रचून ठेवली, तर शेवटी ती परत पसरता येते. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्याच्या अटींत खाणीच्या जागी पुन्हा गवत उगवून देण्याची अट घालायला सांगितले आहे. खाण भूजलाच्या पातळीखाली न्यायची नाही, ही अट तर गोव्याने फार महागात शिकवली.

जाता जाता विदर्भातला एक प्रकार सांगतो, मला तो फार आवडतो. नागपूर जिल्ह्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणींत कोळशाच्या वर कामठीचा वालुकाश्म असतो. तो काढून बाजूला रचलेले ढीग म्हणजे त्या खाणींचा कचरा. त्या ढिगांतून वाळू काढायला कंपनीने सुरुवात केली, भानेगाव आणि गोंडेगाव इथे. तीच वाळू नागपुरात गरिबांच्या घरकुलांना वापरली गेली. कोळशाचा कचरा वाळू झाला आणि तेवढी नदी वाचली. आपल्याकडे हे जसेच्या तसे जमणार नाही, आपल्या डोंगरात वालुकाश्म नाही. पण कोळशाचा दुसरा कचरा आपल्याला जमतो. देशी कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते. नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या वीजकेंद्रांतली ही राख विटांत घालता येते. केंद्राने १९९९ मध्येच वीजकेंद्राच्या पन्नास किलोमीटर परिसरातल्या वीटभट्ट्यांना ती बंधनकारक केली. पुढे हे अंतर तीनशे किलोमीटरपर्यंत वाढवले. नदीकाठची पोयट्याची माती भट्टीत जाळण्यापेक्षा ते बरे.

आणि मुळात वाळू कमी लागेल असेही बांधता येते. आमच्याच गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे तयार झालेला ‘पाबळ डोम’ म्हणजे लोखंडी सांगाड्यावर जाळी आणि पातळ सिमेंटचा लेप. भिंत इंचभर जाडीची, वाळू त्या मानाने थोडी. दिसायला लोकांना तो विचित्र वाटतो, घराला कोपरा नाही म्हणून. पण कलबागांचे दुसरे काम मला याहून महत्त्वाचे वाटते. जमिनीचा विद्युतरोध मोजून पाणी कुठे असेल याचा अंदाज घेणारे यंत्र त्यांनी शिकायला आलेल्या गावच्या पोरांच्या हाती दिले. पाण्याचा अंदाज नारळ फिरवून नव्हे, आकडे घेऊन बांधायचा, हे त्या पोरांना कळले.

वाळूच्या आणि खाणीच्या वादात आमच्या गावांकडे नेमके हेच नसते, आकडे. वाळूच्या लिलावाआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेने पाहणी करायची, ग्रामसभेला विचारायचे, अशी पद्धत राज्याच्या धोरणांत राहिली आहे. ग्रामसभेत एक म्हणतो विहिरी आटल्या, दुसरा म्हणतो पाऊसच नव्हता. दोघेही खरे असू शकतात. भूजल यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते. पण तिच्या विहिरी मोजक्या, आणि आपल्या ओढ्यावर त्यांतली एखादी असेलच असे नाही. तेव्हा मोजणी गावानेच करावी. दोरीला वजन बांधायचे, दोरीवर दर फुटाला खूण करायची. विहिरीच्या काठावर एक दगड नेमका ठरवून तिथूनच पाण्यापर्यंतचे अंतर घ्यायचे. सकाळी, मोटर चालू व्हायच्या आधी. त्याच चार महिन्यांत, त्याच तारखांना. सोबत पावसाचा आकडा, आणि जवळच्या पात्रातून किंवा खाणीतून त्या वर्षी काय गेले तेही लिहायचे. वही शाळेत ठेवावी, कारण सरपंच बदलतात. चार-पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की पाऊस कमी होता की तळ खचला, हे कुणाला ओरडून सांगावे लागणार नाही. पहिली मोजणी येत्या ऑक्टोबरात करता येईल.